चित्राचे आयुष्य ठरते पृष्ठभागावर

चित्र पाहताना रसिकाचे लक्ष साहजिकच रंग, रेषा आणि विषय यांकडे जाते. हे रंग ज्यावर बसलेले असतात त्या कापडाचा, कागदाचा, लाकडाचा वा भिंतीचा विचार सहसा कोणी करीत नाही. मात्र चित्र किती काळ टिकणार, हे रंगांच्या किमतीपेक्षा त्यांच्या खालच्या पृष्ठभागावर अधिक अवलंबून असते. उत्तम प्रतीचा रंग कच्च्या पायावर लावला तर काही वर्षांतच त्याचे पोपडे सुटू लागतात. याउलट, माती आणि चुन्याच्या अस्तरावर लावलेले साधे गेरूचे रंग दीड हजार वर्षांनंतरही दिसतात, हे अजिंठ्याने दाखवून दिले आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मुंबई आणि कोकणपट्टीत पावसाळ्याच्या दिवसांत हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या पुढे असते, तर विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा अत्यंत कोरडी होते. ओल धरणे आणि वाळणे या चक्रातून प्रत्येक चित्राला दरवर्षी जावे लागते. युरोपातील थंड हवेसाठी लिहिलेल्या पुस्तकांतील कृती येथे जशाच्या तशा वापरल्या, तर त्यांतील काही हमखास फसतात. त्यामुळे पृष्ठभागाची निवड आणि त्याची पूर्वतयारी ही चित्रकलेच्या विद्यार्थ्यापासून व्यावसायिक चित्रकारापर्यंत प्रत्येकाने समजून घेण्याची बाब आहे. चित्र विकत घेणाऱ्यालाही ती ठाऊक असलेली बरी.

चित्राखालचे तीन थर

कोणत्याही चित्राची रचना आडवी कापून पाहिली तर रंगाच्या खाली साधारणपणे तीन गोष्टी आढळतात. सर्वात खाली आधार असतो. कापड, लाकूड, कागद, धातू, दगड किंवा भिंत यांपैकी काहीही आधार होऊ शकते. त्यावर सरस किंवा तत्सम पदार्थाचा पातळ लेप असतो. आधाराची छिद्रे बुजवणे आणि वरच्या रंगापासून आधाराचे रक्षण करणे हे त्याचे काम. त्यावर अस्तर येते. अस्तरामुळे पृष्ठभागाला एकसारखा रंग मिळतो आणि कुंचल्यातून उतरणारा रंग पकडून ठेवण्याइतका खरखरीतपणाही येतो.

या तिन्ही थरांचे एकमेकांशी आणि वरच्या रंगाशी जुळणे आवश्यक असते. आधार हलणारा असेल तर अस्तरही लवचीक हवे. अस्तर फारच शोषक असेल तर ते रंगातील तेल पिऊन टाकते आणि रंग निस्तेज, भुसभुशीत होतो. ते काचेसारखे गुळगुळीत असेल तर रंगाला पकडच मिळत नाही. चित्रे खराब होण्याची बरीच उदाहरणे तपासली, तर दोन थरांमधली ही न जुळलेली सोयरीक कारणीभूत असल्याचे दिसून येते.

मिलानच्या भिंतीचा धडा

पृष्ठभागाची निवड चुकली तर काय होते, याचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे लिओनार्दो दा विंची याचे ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र. मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्झिए या मठाच्या भोजनगृहात लिओनार्दोने ते सुमारे १४९५ ते १४९८ या काळात रंगवले. त्या काळी इटलीत भित्तिचित्रासाठी फ्रेस्को ही पद्धत रूढ होती. तीत चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेले रंग लावले जातात. गिलावा वाळताना त्यातील चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत कायमचे बंदिस्त होतात. यात रंग गिलाव्याचाच भाग होतो. मात्र गिलावा ओला आहे तोवर, म्हणजे काही तासांतच, त्या दिवसाचा भाग पुरा करावा लागतो.

लिओनार्दोची काम करण्याची रीत संथ होती. एकाच ठिकाणी पुन:पुन्हा परतून सूक्ष्म छटा चढवण्याची त्याला सवय होती. म्हणून त्याने फ्रेस्को सोडून कोरड्या भिंतीवर पांढरे अस्तर दिले आणि लाकडी फळीवर रंगवावे तसे तेल व टेम्परा यांच्या मिश्र पद्धतीने चित्र रंगवले. भिंतीत ओल होती. रंग आणि भिंत यांचे बंधन पक्के झालेच नाही. चित्र पूर्ण होऊन वीस वर्षे उलटण्याच्या आतच ते खराब होऊ लागल्याची नोंद एका प्रवाशाने १५१७ मध्ये करून ठेवली आहे. पुढील शतकांत अनेकांनी डागडुजी केली. १९७८ मध्ये सुरू झालेले शेवटचे मोठे संवर्धन १९९९ मध्ये संपले. आज तेथे लिओनार्दोच्या हातचा रंग थोडाच शिल्लक आहे.

प्रतिभा, रंग किंवा कौशल्य यांपैकी कशाचीही तेथे उणीव नव्हती. माध्यम आणि पृष्ठभाग यांचा मेळ बसला नव्हता, एवढेच.

अजिंठा आणि वेरूळ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते. वस्तुतः ती खरी फ्रेस्को नव्हेत. कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या बंधकद्रव्यात कालवलेल्या रंगांनी ती काढलेली आहेत. तरीही ती टिकली, यामागे पायाची विचारपूर्वक केलेली तयारी हे एक प्रमुख कारण आहे.

लेणी कोरलेला बेसाल्ट हा काळा, कठीण आणि फारसे पाणी न शोषणारा खडक आहे. अशा दगडावर गिलावा सहसा धरत नाही. येथे भिंतीवरचे छिन्नीचे खडबडीत घाव तसेच राहू दिलेले दिसतात. त्यांत गिलावा रुतून बसला. या गिलाव्यात माती, वाळू, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले होते. वाळताना मातीला भेगा पडतात. त्या रोखण्याचे काम धागे आणि तूस करतात. घर सारवण्याच्या मातीत काड आणि भुसा घालण्यामागेही हेच तत्त्व आहे. जाड थरावर अधिक बारीक मातीचा थर आणि त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात दिला जाई. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि दूरदेशाहून आलेला लाजवर्द हे रंग या पांढऱ्या हातावर उठून दिसले.

मात्र या तयारीलाही मर्यादा होत्या. गिलाव्यातील सेंद्रिय धागे आणि तूस हे किड्यांचे खाद्य ठरले आणि अनेक ठिकाणी गिलावा आतून पोखरला गेला. या संदर्भात वेरूळशी केलेली तुलना उद्बोधक आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. तेथे किड्यांचा उपद्रव कमी आढळतो आणि त्याचे श्रेय संशोधकांनी भांगेच्या धाग्यांना दिले. गिलाव्यात मिसळलेला एखादा घटकही शेकडो वर्षांनंतरच्या परिणामास कसा कारणीभूत ठरतो, हे त्यातून दिसते.

अजिंठ्यात नंतरच्या काळात झालेले नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. चित्रे स्पष्ट दिसावीत आणि रंग पक्के व्हावेत या हेतूने त्यांवर व्हार्निश व लाखेचे लेप दिले गेले. निजाम सरकारने १९२० च्या दशकाच्या प्रारंभी इटालियन तज्ज्ञांकडून करून घेतलेल्या कामातही लाखेचा वापर झाला. कालांतराने हे लेप पिवळे पडले आणि त्यांवर धूळ व काजळी बसली. ते हटवण्याचे किचकट काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला करावे लागले. श्वास घेणाऱ्या मातीच्या पृष्ठभागावर हवाबंद लेप देणे योग्य नव्हे, हा त्यातला बोध आजच्या भिंतींनाही लागू पडतो.

कॅनव्हासची निवड

आज बहुसंख्य चित्रकार कॅनव्हासवर काम करतात. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये कॅनव्हासचा प्रसार झाला. समुद्राकाठच्या दमट हवेत तेथील भित्तिचित्रे टिकत नसत, तर जहाजांच्या शिडांचे कापड शहरात मुबलक मिळे. गुंडाळून नेता येणारे हलके कापड मोठ्या चित्रांसाठी सोयीचे ठरले. म्हणजे कॅनव्हासचा स्वीकार हाही मुळात हवामानाशी केलेला व्यवहार होता.

कॅनव्हाससाठी मुख्यतः दोन प्रकारचे कापड वापरले जाते : लिनन आणि सुती. लिननचे धागे जवसाच्या झाडापासून काढतात. ज्या जवसाच्या बियांचे तेल तैलरंगात असते, त्याच झाडाच्या खोडाचे हे धागे होत. ते लांब आणि बळकट असतात. कापड एकदा ताणले की फारसे सैल पडत नाही. सुती कॅनव्हास स्वस्त, सहज मिळणारा आणि मऊ असतो, परंतु ओल आणि ताण यांमुळे तो अधिक ढिला पडतो. मध्यम आकारापर्यंतच्या चित्रासाठी चौरस मीटरला ३४० ते ४०० ग्रॅम वजनाचा घट्ट विणीचा सुती कॅनव्हास पुरेसा असतो. सरावासाठी विद्यार्थी मांजरपाट ताणतात, त्यात गैर काही नाही. पण ज्या चित्राने पन्नास वर्षे टिकावे अशी अपेक्षा आहे त्यासाठी ते कापड विरळ आणि नाजूक ठरते. गोणपाटाचा खरखरीत पोत अनेकांना मोहवतो. १८८८ मध्ये आर्ल येथे गोगँ आणि व्हॅन गॉग यांनी तागाच्या जाड कापडावर चित्रे रंगवली होती. मात्र तागाचे धागे काही वर्षांत काळपट आणि ठिसूळ होतात, हे ध्यानात घेऊनच तो मोह पत्करावा.

तयार कॅनव्हास घेताना तो उजेडासमोर धरून पाहावा. सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे चमकत असतील तर अस्तर अपुरे आहे असे समजावे. कोपरा हलकेच दुमडल्यावर अस्तराला तडा गेला किंवा भुकटी सुटली, तर त्यात भरणद्रव्य जास्त आणि बंधक कमी आहे. पाठीमागची लाकडी चौकट पिळलेली नाही ना, हेही पाहावे. चौकटीची आतली कड उतरती नसेल तर काही काळाने चौकटीची रेघ चित्राच्या दर्शनी बाजूस उमटते. कोपऱ्यांत लाकडी पाचरी असलेली चौकट उत्तम; पावसाळ्यानंतर कापड सैल पडल्यास पाचरी हलकेच ठोकून ताण परत आणता येतो.

कापडाला सरस, मग अस्तर

कोऱ्या कापडावर थेट तैलरंग लावणे ही सर्वात महागात पडणारी चूक होय. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून वाळते आणि या क्रियेत आम्ले तयार होतात. ती कापडाच्या धाग्यांत उतरली की धागे तपकिरी पडून कुजल्यासारखे ठिसूळ होतात. काही दशकांनी असे कापड बोटाच्या दाबानेही फाटू शकते. तेल कापडापर्यंत पोहोचू नये यासाठीच पहिला लेप असतो.

शतकानुशतके या कामासाठी प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरला गेला. तो रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवतात. तो उकळू द्यायचा नसतो, कारण उकळल्यास त्याची पकड कमी होते. मात्र दमट हवेत सरस ओल शोषून फुगतो व ढिला पडतो आणि कोरड्या हवेत आकसतो. दर ऋतूला होणारी ही हालचाल वरच्या वाळलेल्या, कडक तैलरंगाला सोसत नाही आणि तडे पडतात. शिवाय ओलसर सरस हे बुरशीचे आवडते खाद्य आहे. त्यामुळे आपल्याकडील हवेत चित्रांसाठी खास तयार केलेले अॅक्रिलिक माध्यम किंवा तटस्थ गुणधर्माचा पीव्हीए लेप अधिक भरवशाचा ठरतो. लाकूडकामाचा पांढरा गोंद पाणी घालून लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. परंतु असे गोंद चित्रासाठी बनवलेले नसतात. त्यांतील काही आम्लधर्मी असतात, तर काही कालांतराने पिवळे पडतात.

लेप वाळल्यावर अस्तर द्यावे. जुन्या पद्धतीच्या जेसोत खडू किंवा जिप्सम सरसात कालवलेले असते. ते कडक असल्यामुळे केवळ लाकडी फळीसाठीच योग्य असते. कापडावर दिल्यास पहिल्या घडीलाच त्याला तडे जातात. आज दुकानांत जेसो या नावाने मिळते ते बहुधा अॅक्रिलिकचे लवचीक अस्तर असते. हा प्रकार १९५० च्या दशकात बाजारात आला. नाव एकच असले तरी हे दोन पदार्थ भिन्न आहेत, हे विसरू नये.

अस्तराचे दोन ते तीन पातळ हात द्यावेत. पहिला हात आडवा दिला तर दुसरा उभा द्यावा. एक हात पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून धूळ पुसावी आणि मगच पुढचा हात द्यावा. एकच जाड हात देऊन वेळ वाचवण्याचा प्रयत्न केल्यास वरचा पापुद्रा वाळतो, आत ओल राहते आणि भेगा पडतात. अॅक्रिलिक अस्तर स्पर्शाला तासाभरात कोरडे लागते. तरीही त्यावर तैलरंग लावण्यापूर्वी किमान तीन दिवस थांबणे हितावह असते, पावसाळ्यात त्याहून अधिक.

आणखी दोन पथ्ये सांगण्यासारखी आहेत. अॅक्रिलिक अस्तरावर तैलरंग चालतो, पण तेलाच्या अस्तरावर अॅक्रिलिक रंग चालत नाही; तो सालीसारखा सुटून येतो. तसेच झिंक व्हाइट घातलेले तेलाचे अस्तर टाळावे. झिंक ऑक्साइड आणि तेल यांचा थर वर्षागणिक ठिसूळ होतो आणि वरच्या रंगासह खालच्या थरापासून सुटू लागतो.

फळी, प्लायवूड आणि हार्डबोर्ड

कापडापूर्वी युरोपात लाकडी फळीचे युग होते. इटलीत पॉपलर, तर उत्तरेकडे ओक वापरले जाई. ‘मोनालिसा’ ही पॉपलरच्या फळीवरच रंगवलेली आहे. फळी हलत नाही, त्यामुळे रंगाला तडे कमी जातात. पण अखंड लाकूड ओलीने फुगते, पिळते आणि शिरांच्या दिशेने फाटते.

आजच्या चित्रकाराला हार्डबोर्ड, एमडीएफ आणि प्लायवूड हे स्वस्त पर्याय उपलब्ध आहेत. लहान, तपशीलवार कामासाठी ते उत्तम होत. पृष्ठभागावर कारखान्यातील तेल किंवा मेणाचा अंश असू शकतो, म्हणून प्रथम तो स्पिरिटने पुसावा आणि पॉलिश पेपरने चकाकी घालवावी. त्यानंतर लेप द्यायचा तो पुढे, मागे आणि चारही कडांना. बहुतेक जण फक्त दर्शनी बाजू रंगवतात. मग मागची उघडी बाजू ओल पिते, पुढची पीत नाही आणि फळी कमानीसारखी वाकते. एमडीएफच्या कडा तर टिपकागदाप्रमाणे पाणी ओढून फुगतात. दोन फुटांपेक्षा मोठ्या फळीला मागून लाकडी पट्ट्यांची चौकट चिकटवून आधार देणे इष्ट.

प्लायवूडच्या वरच्या पापुद्र्याला कालांतराने शिरांच्या दिशेने बारीक चिरा पडतात व त्या रंगातून वर उमटतात. त्यावर पातळ कापड चिकटवून मग अस्तर दिल्यास हा दोष बराच टळतो. कोकणात वाळवीचाही विचार करावा लागतो. फळी आणि कापड या दोहोंबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अॅक्रिलिक रंगातील पाणी आधारातील पिवळसर द्रव्ये विरघळवून वर ओढते, त्यामुळे पारदर्शक थर पिवळट दिसू लागतात. अस्तराखाली अॅक्रिलिक माध्यमाचे दोन हात दिल्यास हा डाग रोखता येतो.

कागद : नाजूक, तरीही चिवट

जलरंगासाठी कागद निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : वजन, घटक आणि पोत. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद ओल्या हाताने रंगवला तरी फारसा सुरकुतत नाही. त्याहून हलका कागद आधी ताणून घ्यावा लागतो. त्यासाठी कागद काही मिनिटे पाण्यात भिजवून सपाट फळीवर पसरतात, चारही कडांना गोंदाची कागदी पट्टी लावतात आणि फळी आडवी ठेवून वाळू देतात. वाळताना कागद ढोलाच्या पानासारखा ताणला जातो आणि नंतर कितीही पाणी वापरले तरी पूर्ववत सपाट होतो.

घटकांत शंभर टक्के सुती कागद सर्वोत्तम. लाकडाच्या कच्च्या लगद्याचा कागद आम्लधर्मी असतो. जुने वर्तमानपत्र पिवळे पडते ते याच कारणाने. सुती चिंध्यांपासून हातकागद बनवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासून हे काम करीत आली आहे. हातकागदाचा पोत देखणा असतो. मात्र प्रत्येक कागदाची शोषकता वेगळी असल्याने कोपऱ्यावर रंगाचा थेंब टाकून पाहणे श्रेयस्कर.

चांगल्या जलरंगाच्या कागदात जिलेटिन किंवा तत्सम द्रव्याचा अंश असतो. त्यामुळे रंग लगेच आत न झिरपता वर तरळतो. दमट हवेत साठवलेल्या कागदात हा अंश ठिकठिकाणी निकामी होतो. डोळ्यांना कागद कोरा दिसतो; पण आकाशाचा सपाट हात द्यावा आणि मध्येच गडद ठिपके उमटावेत, असा अनुभव त्यामुळे येतो. एकदा असे झालेला कागद जलरंगाला निरुपयोगी असतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी कागद प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावा. आर्द्रता सातत्याने ६५ ते ७० टक्क्यांवर राहिली की बुरशीला पोषक परिस्थिती निर्माण होते.

आपल्या पूर्वसुरींनी या अडचणींवर उपाय शोधले होते. राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांसाठी कागदाचे अनेक ताव एकमेकांवर चिकटवून वसली तयार करीत. चिकटवण्याच्या खळीत किडीला प्रतिबंध म्हणून मोरचूद घालीत आणि वाळल्यावर अकीक दगडाने घोटून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत करीत. ओडिशातील पटचित्रांसाठी कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे लेप देऊन ते घोटतात. अस्तराचे तत्त्व तेच, साहित्य मात्र भोवतालचे.

भिंत रंगवण्यापूर्वी

अलीकडे शाळा, उड्डाणपूल, रेल्वे स्थानके आणि गृहसंकुले यांच्या भिंतींवर चित्रे काढून घेण्याचे प्रमाण वाढले आहे. अशी अनेक चित्रे दोन पावसाळ्यांतच सोलवटतात. दोष बहुधा रंगाला दिला जातो. पण कारण भिंतीत असते.

सिमेंटचा नवा गिलावा किमान २८ दिवस मुरू द्यावा लागतो. तोवर तो तीव्र अल्कधर्मी असतो. या अल्कामुळे तेलाच्या रंगाचा साबण होतो आणि प्रशियन ब्लूसारखे काही रंग उडून जातात. जुन्या भिंतीत ओल आहे का, हे पाहण्यासाठी सोपी चाचणी आहे. एक चौरस फूट पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावे आणि एक दिवस-रात्र ठेवावे. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली, तर आधी गळतीचा बंदोबस्त करावा. भिंतीत पाणी असताना वरून कितीही भारी रंग लावला तरी ते पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन बाहेर येते. हे पांढरे क्षार रंगाच्या मागे साचतात आणि रंगाचा थर फुगवून पाडतात.

भिंतीवरून तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल तर जुना रंग भुसभुशीत झाला आहे, तो तारेच्या ब्रशने खरवडून काढावा. जुना रंग टिकाऊ आहे का, हे पाहण्यासाठी त्यावर ब्लेडने फुल्यांच्या रेघा ओढून चिकटपट्टी दाबून लावावी व झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंग निघाला तर तो भाग पूर्ण खरवडण्यास पर्याय नाही. बुरशी आणि शेवाळ नुसते घासून जात नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाने ते मारून, भिंत स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. भेगांत लांबी भरून, घासून, अल्क सहन करणारा प्रायमर द्यावा आणि मग चित्राला हात घालावा. बाहेरच्या भिंतीसाठी बाहेरच्याच दर्जाची लांबी वापरावी. आतल्या भिंतीसाठीची लांबी पावसाने विरघळते.

हे सारे काम चित्र काढण्याइतकाच, कधी त्याहून अधिक वेळ घेते. भित्तिचित्राच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद नसते, ही खरी अडचण आहे. काम सांगणाऱ्या संस्थेने हा खर्च वगळला, तर रंगाचा सगळा खर्च पाण्यात जातो.

वारली : भिंतीवरून कापडावर

पृष्ठभाग बदलला की कलेचे गणित कसे बदलते, हे वारली चित्रकलेत स्पष्ट दिसते. पालघर जिल्हा आणि परिसरातील वारली कुटुंबांत कुडाची भिंत माती व शेणाने सारवून, त्यावर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जात. लग्नातला चौक सुवासिनी लिहीत. ही चित्रे कायम टिकावीत अशी अपेक्षाच नव्हती; भिंत पुन्हा सारवली की जुने चित्र जाई आणि नव्या प्रसंगी नवे येई. शेण-मातीचा पृष्ठभाग शोषक आणि खरखरीत असल्याने पिठाचा रंग त्यावर तेवढ्या काळापुरता नीट बसे.

१९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे ही कला कागदावर व कापडावर आली आणि जगभर पोहोचली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. कागद-कापडावर आल्याबरोबर चित्र विकले जाणारे, दूरदेशी जाणारे आणि टिकावे अशी अपेक्षा असणारे झाले. तांदळाच्या पिठाचा थर वाळल्यावर ठिसूळ असतो. भिंत हलत नाही, पण कापड गुंडाळले जाते आणि पीठ गळते. म्हणून कापडाला शेणाचा वा गेरूचा पातळ, नीट मुरलेला हात देणे, पांढऱ्या रंगात डिंकाचे प्रमाण राखणे किंवा पांढरा अॅक्रिलिक रंग वापरणे हे मार्ग चित्रकारांनी स्वीकारले. चित्र गुंडाळायचेच झाले तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर, सैल गुंडाळावे. घडी मात्र कधीही घालू नये. गावातील चित्रकाराचे उत्पन्न या चित्रांवर अवलंबून असते. खराब होऊन परत आलेल्या एका चित्रामुळे त्याचा पुढचा ग्राहक तुटू शकतो.

निवड करताना

पृष्ठभाग निवडण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मिळवली तर बरेचसे नुकसान टळते. रंगाचे माध्यम कोणते, चित्राचा आकार केवढा, ते कोणत्या हवेत राहणार आणि किती वर्षे टिकावे अशी अपेक्षा आहे? मोठे आणि प्रवास करणारे चित्र असेल तर ताणलेला कॅनव्हास सोयीचा. लहान, बारीक कामाचे आणि एकाच जागी राहणारे चित्र फळीवर अधिक टिकते. जलरंगाला सुती कागद आणि काचेची चौकट आवश्यक आहे. सरावाच्या चित्राला मांजरपाट किंवा साधा कागद पुरे. सर्वच चित्रांवर सारखा खर्च करण्याचे कारण नाही.

चित्र विकत घेणाऱ्यानेही काही काळजी घेणे आवश्यक आहे. पावसाचे पाणी झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. टांगलेच तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांमध्ये हवा खेळती राहते. कागदावरील चित्रामागे साधा पुठ्ठा न लावता आम्लमुक्त पुठ्ठा लावण्याचा आग्रह चौकट करणाऱ्याकडे धरावा. काच चित्राला टेकलेली नसावी.

चित्रकाराला फुकटात करता येण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. चौकटीच्या किंवा फळीच्या मागील बाजूस कापड कोणते, लेप कशाचा, अस्तराचे हात किती, रंग कोणत्या माध्यमाचे आणि काम कोणत्या महिन्यात झाले, याची चार ओळींत नोंद करून ठेवावी. कापडाच्या थेट पाठीवर मात्र लिहू नये, कारण शाई पुढे झिरपू शकते. पुढे केव्हा तरी ते चित्र दुरुस्तीसाठी संवर्धकाच्या टेबलावर आले, तर कोणता द्राव वापरावा आणि कोणता टाळावा, हे त्या चार ओळींवरून ठरवता येते.